राजीखुशीने, अक्कलहुशारीने

माझं मृत्युपत्र पासवर्ड विसरण्यापासून सुरू झालं.

मेलबर्नच्या मुलाने रविवारच्या फोनवर, आज भाजी कसली केलीस विचारावं इतक्या सहज विचारलं, "आई, विल केलंयस का गं?" मी म्हटलं, "का रे, तुला काही कळलंय का?" तो हसला नाही. हल्ली हे ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम आहे, असं म्हणाला आणि लिंक पाठवून मोकळा झाला. मी खातं उघडलं. आठ अक्षरांचा, त्यात एक आकडा आणि एक चिन्ह असलेला पासवर्ड ठेवला आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसून परत येते तो पासवर्डही दुधाबरोबर गेलेला. मग नवा पासवर्ड, त्यासाठी ओटीपी, ओटीपी वाचायला चष्मा आणि चष्मा शोधायला हे. एवढं करून आत शिरले तर पहिल्याच पानावर चौकट: मी पूर्ण शुद्धीत असून हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करत आहे. मी जरा थबकले. गेल्या तासाभरात माझ्या शुद्धीबद्दल जो पुरावा गोळा झाला होता, तो काही माझ्या बाजूचा नव्हता. तरी बरोबरची खूण केली.

जुन्या दस्तांमध्ये याच गोष्टीसाठी फार गोड शब्द असायचे. राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून देतो की. वडील पावसाळा संपला की कागदपत्रांची पेटी उन्हात घालत, तेव्हा मी ते कागद वाचत बसायची. राजीखुशी आणि अक्कलहुशारी या आमच्या घराण्यातल्या कोणी दोन बायका असाव्यात असं मला वाटे. जमीन घ्या, घर गहाण टाका, वाटणी करा, दोघी हजर. मोठी झाल्यावर कळलं की पहिली सहसा येतच नाही आणि दुसरी उशिरा येते.

माझ्या हातून झालेला अशा प्रकारचा पहिला दस्त म्हणजे हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर आम्ही दोघी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो, अंगठे उठवले, सह्या केल्या. बाहेर आल्यावर भावाने मिसळ खिलवली आणि दिवाळीला प्रत्येकीला एक साडी घेतली. माझा हिस्सा सव्वा एकराचा होता. त्या हिशेबाने माझ्या कपाटातली ती सगळ्यात महागाची साडी, आणि तिचा रंग मात्र पहिल्याच धुण्यात गेला. तक्रार नाही. माहेरची वाट उघडी राहिली, भाऊबीज चालू राहिली. पण त्या चार पानांत "राजीखुशीने" हा शब्द दोनदा आला होता, एवढं मात्र लक्षात राहिलं.

त्यानंतरची सदतीस वर्षं मी पोस्टाच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या वारसांची नावं लिहिण्यात घालवली. "नॉमिनी कोण लावायचा?" असं विचारलं की माणसं दचकत. कोणी मागे उभ्या बायकोकडे बघे, कोणी मुद्दाम बघत नसे. मी ठासून सांगायची, "नाव लावून टाका काका, मागे कटकट नको." निवृत्त झाल्यावर, मृत्युपत्राच्या निमित्ताने चार गोष्टी वाचल्या तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी लोकांना अर्धंच सांगत होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं होतं. शेअरांबाबत २०२३ साली पुन्हा तेच सांगितलं, आणि तो खटला होता कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीचा. ज्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं एकादशी कधी ते सांगितलं, त्यांच्यामागून हेही कळायचं होतं. आता तर बँकेत एकाऐवजी चार जणांची नावं लावता येतात. पण चार काय नि चाळीस काय, नॉमिनी हा आमच्या पोस्टमनसारखा. मनीऑर्डर त्याच्या हातात येते, त्याची नसते. ती पोचवायची कोणाला, ते एक तर मृत्युपत्र सांगतं, नाही तर कायदा.

आणि कायद्याचं सांगणं कधीकधी ऐकवत नाही. माझी एक मावशी तिशीत विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. सासरी कोणी ठेवून घेतलं नाही, म्हणून नर्सिंग शिकली, आयुष्यभर नोकरी केली, दोन खोल्या घेतल्या. शेवटच्या आजारात भाच्यांनी केलं. मृत्युपत्र काही तिने केलं नाही, "माझ्याकडे आहे काय एवढं?" म्हणायची. ती गेली आणि आम्ही कधी न पाहिलेला एक दीर उगवला, हातात वकील घेऊन. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात असं आहे की बाई मृत्युपत्र न करता गेली, मुलं आणि नवरा नसला, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. पन्नास वर्षांत ज्याने मावशीला एक पत्र टाकलं नाही, त्याला तिच्या खोल्यांची किल्ली मिळाली. साध्या कागदावर दहा ओळी लिहून दोन साक्षीदारांपुढे सही केली असती, तर हे टळलं असतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. लागते ती फक्त अक्कलहुशारी, आणि ती आमच्याकडे नेहमीप्रमाणे उशिरा आली.

यांना मात्र हा विषयच नको. "भरल्या घरात कसले अभद्र कागद!" मी म्हटलं, "अहो, छत्री घेऊन निघालं की पाऊस पडत नाही, हे तुम्हीच म्हणता ना? हे तसंच समजा." हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारू लागले, मी पण भरू का एक फॉर्म?

फॉर्म खरोखरच सोपा होता. नाव, वय आणि लगेच धर्म. कारण वारसाचे कायदे आपल्याकडे धर्माप्रमाणे बदलतात. गोव्यात तर त्याहून वेगळं. फोंड्याला माझी एक मैत्रीण आहे, ती सांगत होती की पोर्तुगीज काळापासून तिथली रीत अशी की मुलं असतील तर माणसाला आपल्या हिश्श्यातल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. बाकीचं निम्मं मुलांचं ठरलेलंच. "म्हणजे गो, आमच्याकडे पोरांना धाक घालायला अर्धीच काठी," ती म्हणाली. माझ्याकडे पूर्ण काठी होती, पण मारायला कोणी नव्हतं. नाशिकचा फ्लॅट, मुदत ठेवी, पीपीएफ, चार दागिने. लेकीला निम्मं, मुलाला निम्मं. मुलगा म्हणाला होता ती दहा मिनिटं इथे खरी ठरली. सदतीस वर्षांची नोकरी आणि चव्वेचाळीस वर्षांचा संसार दहा मिनिटांत भरून झाला, याचं जरा वाईटही वाटलं.

मग आला पुढचा रकाना: विशिष्ट वस्तू विशिष्ट व्यक्तीला द्यायच्या असल्यास. इथे मी पदर खोचून बसले. पितळी घंगाळ, पुरणयंत्र, सासूबाईंची जांभळी पैठणी, तांब्याचा बंब, चिनीमातीच्या तीन बरण्या, आजोबांचं घड्याळ. लेकीला पुण्याला फोन लावला. "आई, घंगाळ ठेवू कुठे? गॅलरीत वॉशिंग मशिन आहे." पैठणी? "कसर लागली असेल गं तिला." पुरणयंत्र? "पुरणपोळ्या विकतच्या आणते मी." मुलाला विचारलं तर तो प्रत्येक गोष्टीला "वजन किती?" विचारू लागला, विमान कंपनीचा माणूस बोलावा तसा. तासाभरात माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यभर जे पुसून, घासून, डांबराच्या गोळ्या घालून जपलं, ते आपणहून कोणी मागणार नाही आणि देऊनही कोणी घेणार नाही.

शेवटी वैतागून म्हटलं, "मग हवंय तरी काय तुम्हाला?" त्यावर मुलगा जरा घुटमळला. "आई, तो टक्-टक् पोळपाट मला ठेव."

आमचा पोळपाट सागवानी आहे. त्याला चार पाय आहेत आणि त्यातला एक झिजलाय. त्यामुळे लाटताना तो एका बाजूला टेकतो, टक्. दुसऱ्या बाजूला टेकतो, टक्. मुलं शाळेत होती तेव्हा बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसत आणि त्या आवाजावरून किती पोळ्या झाल्या ते मोजत. आवाज थांबला की आता पानं घ्यायची हाक येणार, हे त्यांना ठाऊक. मला हे कधी माहीतच नव्हतं. मला फक्त तो पाय दुरुस्त करायचा राहिलाय, एवढं माहीत होतं. लेकीला सांगितलं तर ती उसळली. "त्याला कशाला? त्याच्याकडे पाकिटातल्या पोळ्या असतात! पोळपाट माझा." संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर दोन्ही बाजूंनी जोरदार युक्तिवाद झाले. मुलगा म्हणाला, ठेवीतलं थोडं जास्त घे, पण पोळपाट सोड. फ्लॅटवरून जे भांडण झालं नाही ते दीड किलोच्या लाकडावरून झालं. ह्यांनी मध्यस्थीच्या भावनेने विचारलं, "मग मी तो पाय नीट करून आणू का?" तेव्हा दोघांनी एकदम "नको!" लिहिलं. गेल्या काही वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलेला हा एकमेव प्रसंग.

त्या रकान्यात शेवटी मी लिहिलं: पोळपाट लेकीला, लाटणं मुलाला. दोघांनी एकत्र आल्याशिवाय पोळी होणार नाही.

पुढचा प्रश्न व्यवस्थापकाचा. मृत्युपत्र प्रत्यक्षात आणणारा माणूस. हे काम वरवर मानाचं दिसतं. लोकमान्य टिळकांनाही तसंच वाटलं असणार. १८९७च्या ऑगस्टमध्ये, राजद्रोहाच्या खटल्यात ते नुकतेच जामिनावर सुटले होते, आणि त्यांचे स्नेही बाबा महाराज मरणशय्येवर होते. मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना विश्वस्त नेमलं. नाही कसं म्हणणार? पुढे दत्तकावरून बाबा महाराजांच्या पत्नीचं, ताई महाराजांचं, प्रकरण उभं राहिलं, टिळकांवर उलट फौजदारी खटला झाला, मधे मंडालेची सहा वर्षंही होऊन गेली, आणि प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९१५ साली. स्नेह्याचा शब्द राखायला १८ वर्षं! माझ्या मिळकतीत दत्तकाचा प्रश्न नाही, पण पोळपाट आणि लाटणं दोन खंडांत जाणार आहेत. मी लेकीच्या नवऱ्याला विचारलं. तो सरळ माणूस आहे, आणि आयकराचं विवरणपत्र मुदतीच्या आधी भरतो. अशी माणसं जगात थोडी.

मग मेल्यानंतरच्या मोबाइलचा विचार. गूगलमध्ये एक सोय आहे: आपण तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने फिरकलो नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला ते कळवतात आणि हवं तर आपलं साठवलेलं त्याच्या हवाली करतात. मी अठरा महिने निवडले. मला ओळखणाऱ्या कोणालाही तीन महिने गप्प बसलेली मी जिवंत असू शकेन असं वाटणार नाही, हे खरं. पण पासवर्ड विसरण्याची माझी गती पाहता थोडी सवलत हवीच. फोटो लेकीला. भजनी मंडळाच्या ग्रुपचं अ‍ॅडमिनपद कोणाला, यावर कायदा गप्प आहे. ते मी मुद्दाम मोघम ठेवलं. दोघी टपून आहेत.

ठेवी मात्र एकेक करून लिहून काढल्या, खाते क्रमांकासकट. दहा वर्षं कोणी हात न लावलेला बँकांतला पैसा रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतो, आणि असे पैसे शोधायला २०२३ साली एक संकेतस्थळ निघालंय. त्याचं नाव उद्गम. पैशाचा धनी गेला, वारसाला पत्ता नाही, आणि जागेचं नाव उद्गम! मी ह्यांचं नाव टाकून पाहिलं. ह्यांच्या पहिल्या नोकरीतलं, हे स्वतःच विसरलेलं एक खातं तिथे सापडलं. त्या दिवशी ह्यांनी माझ्या अभद्र कागदांना पहिल्यांदा चहा करून दिला.

सगळं भरून झालं. मी "सादर करा" दाबलं आणि आता अभिनंदनाची पाटी येईल म्हणून बसले. आली ती सूचना: हे छापून घ्या, प्रत्येक पानावर शाईने सही करा, दोन साक्षीदारांसमोर. मला इतका आनंद झाला! सगळं जग पडद्यावर गेलं, जमिनीचा सातबारा गेला, विजेचं बिल गेलं, लग्नाच्या पत्रिका गेल्या. पण २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्र मात्र बाहेरच ठेवलं. नुसतं ऑनलाइन मृत्युपत्र आपल्याकडे चालत नाही. कागद हवा, हात हवा आणि तो हात चालताना बघणारे डोळ्यांचे दोन जोड हवेत. लढाईतल्या सैनिकाला आणि समुद्रावरच्या खलाशाला तोंडी मृत्युपत्राची मुभा आहे. पोस्टातल्या बाईला नाही, मग दिवाळीतली गर्दी तिने कशीही झेललेली असो. कॅनडात १९४८ साली ट्रॅक्टरखाली अडकलेल्या एका शेतकऱ्याने चाकूने ट्रॅक्टरच्या पत्र्यावरच सगळं बायकोला ठेवल्याचं कोरलं, आणि ते मान्य झालं. आपल्याकडे त्याला त्या ट्रॅक्टरजवळ आणखी दोन माणसं बोलवावी लागली असती.

साक्षीदार शोधणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे तो नसावा, म्हणजे घरचे बाद. आणि मुख्य म्हणजे, तो आपल्यामागे राहणारा हवा. उद्या कोर्टात कोणी विचारलं तर सांगायला. हास्य क्लबमध्ये मी विषय काढला तर तेराजणी तयार. त्यातली सगळ्यात तरुण एकाहत्तरची. मी सदुसष्टची. त्या आठवड्यात मी माणसांकडे भलत्याच नजरेने बघायला लागले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चांगले आहेत, पण जिना चढताना दोनदा थांबतात. दूधवाला धट्टाकट्टा आहे, पण मोटारसायकल कशी चालवतो! आमचे डॉक्टर चौऱ्याहत्तरचे. त्यांनी मी पूर्ण शुद्धीत असल्याचं प्रमाणपत्र लिहून दिलं आणि स्वतःचा चष्मा आमच्या टेबलावर विसरून गेले.

अखेर दोन मुली मिळाल्या. एक तिसऱ्या मजल्यावरची, फिजिओथेरपिस्ट. माझा गुडघा तिच्याच हाती आहे. दुसरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये वडिलांबरोबर बसते. ह्यांनी कालनिर्णयात मुहूर्त पाहिला. लग्नाचे, मुंजीचे, गृहप्रवेशाचे सापडले. मृत्युपत्राचा मुहूर्त काही दिलेला नाही. मग दोघींना सुट्टी असेल तो रविवार धरला.

दारात चपला काढून त्या आल्या आणि सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या. "काकू, आम्ही वाचायचं का हे?" एकीने विचारलं. म्हटलं, "नाही गं. तुम्हाला आतलं काही कळायची गरज नाही. मी सही करताना फक्त बघायचं, आणि मग खाली आपापली सही करायची." दोघींनी मोबाइल पालथे ठेवले आणि बघू लागल्या. मी नोकरीत हजारो सह्या पडताळल्या असतील. ही 'क' वेगळी दिसते, परत करा म्हणून माणसं परत पाठवली असतील. पण माझी सही इतकं लक्ष देऊन आजवर कोणी पाहिली नव्हती. हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हाही नाही. तिथला कारकून शेवटचं पान कोणतं तेवढं दाखवून पुढच्याला हाक मारत होता. सहा पानं, सहा सह्या. शेवटची मी जरा सावकाश, वळणदार काढली. वर बघितलं, तर दोघी तशाच बघत होत्या, आणि मला उगाच वाटलं, या त्याच. वडिलांच्या पेटीतल्या. इतक्या वर्षांनी एकदाच्या दोघी वेळेवर आल्या.

त्यांच्या सह्या झाल्यावर त्यांना थालीपीठ-लोणी खायला घातलं, कागद पाकिटात घालून जावयाला त्याची जागा फोनवर सांगितली आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागले. हे दाराशी येऊन उभे राहिले.

"जपून लाट. तो पोळपाट आता लेकीचा आहे."

"मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. तोवर पोळपाट माझा. आणि उद्या मन फिरलं, तर मृत्युपत्रसुद्धा नवं करीन. शेवटचं खरं, असा नियमच आहे."

मी दुसरा उंडा घेतला. टक्. टक्.

"किती झाल्या?" ह्यांनी बाहेर जाऊन विचारलं.

"मोजा की," मी म्हटलं. "मुलांना येतं ते."